चढणीवर किती ठिकाणी बसता?

दातांच्या डॉक्टरला डॉक्टर म्हणायचं की नाही, यावर महाडात कधीच एकमत नव्हतं. त्यातून मी बाई. मुंबईत शिकून, लग्न करून इथे आले तेव्हा पन्नासचं दशक निम्मं सरलं होतं. चवदार तळ्याकडून बाजारपेठेत शिरताना डाव्या हाताला दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि बाहेर पाटी लावली. पहिले दोन महिने लोक पाटी वाचायचे, आत डोकवायचे, मला बघायचे आणि ‘डॉक्टर कधी येणार?’ म्हणून मलाच विचारायचे. मी म्हणायचे, ‘आलेत. बसा.’ निम्मे बसायचे, निम्मे निघून जायचे. जे बसले त्यांच्या जोरावर मी तीस वर्षं काढली.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘दवाखान्यातल्या गमतीजमती लिहा’ असं कळवलं आहे. गमती आहेत. पोलादपूरकडच्या एका जुन्या खोतांनी माझ्याकडून कवळी करून घेतली. दिवसभर ती तोंडात मिरवायचे आणि जेवायला बसले की काढून रुमालात बांधून ठेवायचे. नवी वस्तू खरकटी कशाला करायची, असं त्यांचं म्हणणं. पोलादपूरच्या आठवडी बाजारात एक दात काढणारा बसायचा. त्याने आजवर काढलेले सगळे दात त्याच्यासमोर चादरीवर मांडलेले असत. माझी पदवी भिंतीवर टांगलेली, त्याची चादरीवर. आणि खरं सांगते, लोकांचा विश्वास चादरीवर जास्त होता.

पण मला आज गमती लिहायच्या नाहीत. ‘दाताने काय कोणी मरत नाही’ हे वाक्य मी या गावात पेशंटकडून ऐकलं, त्यांच्या नातेवाइकांकडून ऐकलं, मोठमोठ्या डॉक्टरांकडून ऐकलं. दर वेळी मी भांडले. एकदाच ते वाक्य मी स्वतः उच्चारलं. त्या एका वेळेबद्दल मला लिहायचं आहे. ज्यांना गमतीच हव्यात त्यांनी खुशाल पान उलटावं.

त्या काळी दात कोरायचं यंत्र पायाने चालवायला लागायचं, शिवणयंत्रासारखं. सुया आणि पकडी स्टोव्हवर पाण्यात उकळायच्या. पावसाळ्यात सावित्री नदीचं पाणी दुसऱ्या पायरीला लागलं की सगळी हत्यारं माळ्यावर न्यायची आणि पाणी उतरलं की परत खाली आणायची. याची मला सवय झाली. सवय झाली नाही ती एका शब्दाची. तो शब्द म्हणजे ‘नाय’.

डोंगरातली माणसं पहाटे वाडी सोडायची, पायवाटेने खाली उतरायची, येष्टी धरून महाडला यायची. खुर्चीत बसवून विचारलं, ‘दुसरा काही आजार?’ की उत्तर ठरलेलं. नाय. ताप येतो? नाय. छातीत काही? नाय. ‘हो’ म्हटलं तर डॉक्टर पुढच्या आठवड्यात ये म्हणणार, एक दिवस फुकट जाणार, शिवाय आजाराचं नाव तोंडातून निघालं की ते आपल्या आधी वाडीत पोचणार. माझ्या हे लक्षात यायला हवं होतं. मी मात्र ‘नाय’ ऐकून पक्कड उचलायची.

गणपत शिमग्याला गावी आला होता. पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतला, विशी ओलांडलेला, मुंबईत कारखान्याच्या कँटीनमध्ये कामाला. खालची दाढ मुळापर्यंत किडलेली. मी नेहमीप्रमाणे विचारलं, त्याने नेहमीप्रमाणे ‘नाय बाई’ सांगितलं. बधिर केलं, दोन झटक्यांत दाढ बाहेर. मला माझ्या मनगटाचा अभिमान होता आणि तो रास्त होता. गणपतने ती दाढ कागदात गुंडाळली आणि म्हणाला, ‘आयेला दाखवतो, कवडीएवढी हाय, पन नारळाएवढी वाटत हुती मला.’ मग पायरीवर थोडा वेळ बसून राहिला. मला वाटलं, बधिर केल्यामुळे गरगरतंय. तो दम घेत होता.

दीड-दोन महिन्यांनी मुंबईच्या एका इस्पितळातून पत्र आलं. लिहिणारा डॉक्टर माझ्या ओळखीचा नव्हता. त्याने लिहिलं होतं की गणपतच्या हृदयाची झडप लहानपणच्या सांधेतापाने खराब झालेली होती, दाताच्या जखमेतून जंतू रक्तात जाऊन त्या झडपेवर वाढले, आणि पोरगा दगावला. शेवटी एक ओळ होती. दोष देण्यासाठी लिहीत नाही, पुढच्यांसाठी लिहितो आहे.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. हृदयात झडपा असतात. रक्त पुढे जाऊ देतात, मागे फिरू देत नाहीत, दाराच्या फळीचं काम. लहान मुलाचा घसा दुखतो, ताप येतो, गुडघे-घोटे सुजतात, घरचे म्हणतात वात आला. महिन्याभरात पोर हिंडायला लागतं आणि सगळे विसरतात. झडप मात्र कधीकधी जाड, खरबरीत होऊन बसते. आता दात काढला की हिरडीतले जंतू थोडा वेळ प्रत्येकाच्याच रक्तात फिरतात. तुमच्या-माझ्या अंगात ते मरून जातात. खरबरीत झडप मिळाली तर तिथे मुक्काम करतात. मग आठवड्यामागून आठवडे बारीक ताप, माणूस झिजत जातो, आणि आमच्याकडे तो ताप हिवताप समजून त्याच गोळ्या दिल्या जातात. उपाय सोपा होता, तेव्हाही होता. दात काढण्याआधी पेनिसिलिनचं इंजेक्शन आणि पुढचे दोन दिवस पुन्हा. फक्त आधी कळायला हवं. हे सगळं मी परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याचे मला चांगले गुणही पडले होते.

पत्र आल्यावर थोड्याच दिवसांत गणपतची आई आली. ठकुबाई. ती खुर्चीवर बसली नाही, बाकावर बसली नाही, उंबऱ्याशी टेकली. पदराने तोंड पुसलं आणि सरळ विचारलं.

‘बाई, तुमी माज्या गनपतची दाढ काढलीत. मुंबयचा डाक्तर बोलला, दातापासनं झालं. दातानं मानूस मरतो काय वो?’

पत्र माझ्या टेबलाच्या खणात होतं. माझा हात त्या खणावर होता. आणि मी म्हणाले, ‘नाही हो. दाताने कोणी मरत नाही. त्याचं हृदयच आधीपासून खराब होतं.’

दुसरं वाक्य खरं होतं, त्याच्या आडोशाने पहिलं खपून गेलं. ठकुबाई म्हणाली, ‘मंग बरं. मीच त्याला तुमच्याकडं धाडला हुता.’ पाणी प्याली आणि गेली. तिच्या जिवाला थोडा थंडावा मिळाला असं मी स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते समजावू शकतो.

त्यानंतर मी चिडले. स्वतःवर चिडले, त्या ‘नाय’वर चिडले. हा शब्द फोडल्याशिवाय पक्कड उचलायची नाही असं ठरवलं, पण फोडायचा कसा ते सुचेना. सुचलं ते येष्टीत. माझ्या पुढच्या बाकावर दोन म्हातारे आपापल्या वाडीची वाट किती लांब यावर वाद घालत होते. एक म्हणाला, ‘आमची वाट कसली रे, एकदाच बसायचं, आंब्याखाली.’ दुसरा म्हणाला, ‘आमच्यात दोनदा बसल्याबिगर कोन पोचत नाय.’ डोंगरातली माणसं वाट मैलांत मोजत नाहीत, बसायच्या जागांत मोजतात.

दुसऱ्या दिवसापासून मी आजाराचं नाव काढणं बंद केलं. पेशंट खुर्चीत बसला की विचारायची, ‘वाडी कुठली? चढण मोठी आहे का? किती ठिकाणी बसता?’ याला कोणी ‘नाय’ म्हणत नसे, कारण प्रश्न आजाराचा नव्हताच, वाटेचा होता. तरणी पोरं छाती काढून सांगायची, बसायचं कशाला. म्हातारे दोन म्हणायचे. आणि एखादा विशीतला गडी म्हणायचा, ‘तीनदा. पान खायाला.’ विशीत तीनदा पान खाणारा भेटला की मी पक्कड बाजूला ठेवायची. मग लहानपणी सांधे सुजले होते का ते हळूच विचारायचं आणि छातीला स्टेथोस्कोप लावायचा. तो मी मुद्दाम मुंबईहून आणवला होता. खराब झडपेचा आवाज एकदा कानात बसला की विसरत नाही, फटीतून वारा निघाल्यासारखा फुरफुरतो.

गावात हसू झालं. तिथले एक मोठे डॉक्टर मला भर बाजारपेठेत म्हणाले, ‘काय बाई, हल्ली दात छातीत उगवायला लागले वाटतं?’ मी म्हणाले, ‘उगवतात तोंडातच, पण मुळं तिथवर जातात.’ ते हसले. मी हसले नाही. स्टेथोस्कोप मात्र मी गळ्यातून काढला नाही, अगदी भाजी आणायला जातानासुद्धा. ज्याला खुपायचं त्याला खुपू दे.

अशी पाच-सहा वर्षं गेली. साठ साल उलटून गेलं होतं. वैशाखातली दुपार, लग्नसराईचे दिवस. दारात ठकुबाई उभी. केस पांढरे झाले होते, पण मी लगेच ओळखलं. बरोबर अठरा-एकोणीसची मुलगी, उजवा गाल सुजलेला, आणि टोपी घातलेले एक गृहस्थ. ते वरंधकडचे, मुलीच्या होणाऱ्या नवऱ्याचे मामा. लग्न आठ दिवसांवर आलं होतं आणि नवरीचा गाल असा, म्हणून ते जातीने आले होते. ते बाहेर बाकावर बसले. मुलीला घेऊन ठकुबाई आत आली. ही अनशी, गणपतची धाकटी बहीण.

‘दाढ हाय. काढून टाका, सांजच्या येष्टीनं जायाचं हाय,’ ठकुबाई म्हणाली.

मी दाढ बघितली. काढायलाच हवी होती. मग विचारलं, ‘अनशी, तुमची चढण चढताना किती ठिकाणी बसतेस गं?’

‘येकदापन नाय,’ ठकुबाईनेच उत्तर दिलं. ‘हरनावानी चढते.’

अनशीने आईच्या पाठीमागे हात खाली सोडला होता, त्याची चार बोटं उघडली आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी स्टेथोस्कोप लावला. तोच आवाज. ठकुबाईला बाजूला घेतलं आणि सांगितलं की आत्ता इंजेक्शन देईन, तासाभराने दाढ काढेन, आणि पुढचे दोन दिवस पुन्हा इंजेक्शन. तोवर महाडातच राहावं लागेल.

‘दात काढायला तीन दिस?’ तिचा आवाज एकदम खाली आला. ‘बाहेर त्यो मामा बसलाय. त्याला काय सांगू? तीन दिस कशाला म्हनंल. बाई, काढा आनि सोडा आमाला. लगीन मोडंल पोरीचं.’

‘इंजेक्शनशिवाय मी हात लावणार नाही.’

‘मंग मी पोलादपूरच्या बाजारात नेते, दातवाल्याकडं. तो इचारीत नाय काय.’

ती खरंच अनशीचा हात धरून दाराकडे वळली. मी तिथे दोन पावलांवर उभी होते आणि मला कळत होतं की आता नुसतं शास्त्र सांगून ही बाई थांबणार नाही. तिला थांबवेल असं माझ्याकडे एकच होतं. मी खण उघडला. ते पत्र इतकी वर्षं तिथेच होतं.

‘ठकुबाई, तुम्ही मला विचारलं होतंत, दाताने माणूस मरतो का. मरतो. गणपत त्यानेच गेला. मी त्याची दाढ इंजेक्शन न देता काढली. तुम्ही विचारायला आलात तेव्हा हे पत्र माझ्याकडे होतं. मी खोटं बोलले.’

मला वाटलं ती ओरडेल, मारायला धावेल. मारलं असतं तरी मी हलले नसते. तिने अनशीचा हात सोडला आणि जमिनीवर बसली.

‘बाई,’ ती म्हणाली, ‘तवा मी गनपतसाठी नव्हती आली. तो तर गेलाच हुता. त्याला बघाया आमी मुंबयला गेलो, तवा तिथल्या डाक्तरनं हिची बी छाती बघितली हुती. हिच्यात बी तसाच आवाज हाय बोलला, दाताला जपा बोलला. म्हनून मी तुमाला इचारायला आली. तुमी दातांच्या डाक्तर. तुमी नाय म्हनलात. मंग मी हिच्या दोन दाढा बाजारात काढून आनल्या.’

चादरीवरच्या त्या दातांत अनशीच्या दोन दाढा होत्या आणि त्या मीच तिथे पाठवल्या होत्या. ती जिवंत होती ते केवळ नशीब, माझी विद्या त्यात कुठेच नव्हती.

आम्ही दोघी जागच्या जागी, आणि अनशी पुढे झाली. पदर नीट केला, बाहेर गेली आणि मामांसमोर उभी राहिली. दार तिने उघडंच टाकलं होतं, मला सगळं ऐकू आलं.

‘मामा, माज्या काळजाला दोष हाय. चढनीला चारदा बसते मी. दाढ काढायला तीन दिस सुया घ्यायच्या हायत. तुमी थांबनार का जानार?’

मामांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. ‘येष्टी चुकंल,’ एवढंच म्हणाले आणि गेले. चांगला माणूस असावा, आवाज चढवला नाही. लग्न मात्र मोडलं.

अनशी आत आली, खुर्चीत बसली आणि तोंड उघडलं. ‘गेला तो,’ ती आईला म्हणाली. ‘आता रडू नको गो आये. दाढ दुखतेय ती बघू दे.’

मायलेकी तीन दिवस माझ्या पुढच्या खोलीत राहिल्या. ठकुबाईने माझ्या घरचं अन्न घेतलं नाही, गाठोड्यातली भाकरीच खाल्ली आणि पाणी नळावर जाऊन प्याली. तिने मला माफ केलं नाही. मीही माफी मागितली नाही, कारण ती मागून मला थोडं हलकं वाटलं असतं आणि हलकं वाटून घ्यायचा मला हक्क नव्हता. पुढचे दोन महिने अनशी दर आठवड्याला खाली उतरून ताप मोजून जायची. ताप आला नाही.

तिचं पुढचं थोडक्यात सांगते. तिने मशेरी सोडली, दात घासायला शिकली आणि वाडीतल्या बायकांच्या मशेरीच्या डब्या फेकून शिव्याही खाल्ल्या. मुंबईत तिच्या झडपेची फट रुंद करायचं ऑपरेशन झालं, आणि पुष्कळ वर्षांनी ती झडप काढून कृत्रिम बसवली. आता तिच्याजवळ बसलं की घड्याळासारखी टिकटिक ऐकू येते. लग्न उशिरा झालं, तिनेच जमवलं. नव्या झडपेलाही जंतूंची तीच भीती, किंबहुना जास्त. म्हणून ती कुठल्याही दातवाल्याकडे गेली तर तोंड उघडायच्या आधी छातीवरचा व्रण दाखवते. दिवाळी अंकात उपदेश नको म्हणतात. मी करणार. ज्यांची झडप खराब आहे किंवा बदललेली आहे त्यांनी दात सांभाळा, आणि दातांच्या डॉक्टरला सगळ्यात आधी हेच सांगा. त्याने विचारलं नाही तरी सांगा.

त्या तीन दिवसांनंतर अनशी वाडीला परतल्यावर मी रंगाऱ्याला बोलावून दवाखान्यावर नवी पाटी लिहून घेतली. ‘दात काढल्याने माणूस मरू शकतो. चढणीवर दम लागत असेल तर आधी सांगा.’ गाव हादरलं. मोठे डॉक्टर घरी येऊन म्हणाले, असली पाटी लावल्यावर तुमच्याकडे येणार कोण? घरच्यांचंही तेच म्हणणं. खरंच माणसं कमी झाली. बरीचशी सरळ पोलादपूरच्या बाजाराची वाट धरू लागली, चादरीवाल्याकडे. मला त्याची भीती वाटत होती, पण पाटी मी उतरवली नाही. एकदा खोटं बोलून काय होतं ते मी बघितलं होतं.

पावसाळा सरताना एक पोरगा आला. पोलादपूरच्या वरच्या अंगाचा, गाल धरलेला. मी खुर्चीत बसवलं आणि वाडीचं नाव विचारून नेहमीच्या प्रश्नाला हात घालणार, तर त्याने मलाच थांबवलं.

‘ते इचारून झालं बाई, बाजारात. दातवाल्याच्या चादरीला लागून येक म्हातारी काकड्या घेऊन बसते. जो दात काढायला येतो त्याला आधी तीच धरते. चढनीला किती ठिकानी बसतोस रे, म्हनते. मी म्हनलो तीनदा. तर मला बसूच दिला नाय तिथं. महाडला जा बोलली.’

‘आणखी काही म्हणाली?’

पोरगा जरा घुटमळला.

‘म्हनाली, बाईला सांग ठकुबाईनं धाडलाय. आनि बाई कशालाबी नाय म्हनली, तर परत इचार.’

मी स्टोव्ह पेटवला आणि सुई उकळायला ठेवली.